पानांवरचा पहिला हात

माझे सासरे चाळीस वर्षं फर्निचरला पॉलिश करत होते. त्यामुळे जरा मळकट दिसणारी कुठलीही गोष्ट त्यांच्या डोळ्यांत खुपते. पॉलिश चढवण्याआधी ते लाकडावर स्पिरिटचा बोळा फिरवून ते लख्ख पुसायचे. त्याला ते पहिला हात म्हणतात. तो चुकला तर पुढचे सगळे हात फुकट, असं त्यांचं ठाम मत. सासूबाई गेल्यावर ते घरात बसून पार आंबून गेले, म्हणून मी त्यांना रोज माझ्याबरोबर रोपवाटिकेत नेऊ लागले.

रोपवाटिका शहराच्या उद्यान खात्याची, आणि मी तिथे नोकरीला. सलग तिसऱ्या वर्षी पावसाने दडी मारली होती. रस्त्याकडेची झाडं माना टाकत होती आणि टँकर कुठेच पुरत नव्हते. निळसर करड्या पानांचं एक झाड पाण्याशिवाय तगतं, असं मी दोन वर्षं साहेबांच्या कानीकपाळी ओरडत होते. शेवटी ते वैतागून म्हणाले, "बारा रोपं घ्या, वीस दिवस पाणी तोडा. नऊ जगली तर रस्त्यांवर तेच लावू, आणि लागवड तुमच्याकडे." एवढं मोठं काम मला आजवर कोणी देऊ केलं नव्हतं.

त्या पानांवर पांढुरका थर असतो. ती धूळ नव्हे, मेण असतं. पाणी तुटलं की झाड पानांची बारीक छिद्रं मिटून घेतं. तरीही पानाच्या पृष्ठभागातून थोडं थोडं पाणी उडून जातंच, ते हे मेण अडवतं. शिवाय थोडं ऊनही परतवतं. हे सगळं मला तोंडपाठ आहे. सासऱ्यांना सांगायचं तेवढं राहून गेलं.

तिसऱ्या दिवशी त्यांनी हाक मारली, "सूनबाई, बघ तरी!"

तीन रोपांची पानं हिरवीगार चमकत होती. मी फोनवर बोलत होते. मान वर करून म्हणाले, "छान दिसतायत." कित्येक महिन्यांनी त्यांचा चेहरा खुलला होता, आणि मी फक्त तेवढंच पाहिलं. दुसऱ्या दिवशी आणखी तीन रोपं चमकत होती. जवळ गेले तर स्पिरिटचा वास आला. बाबांनी सहाही रोपांवर पहिला हात फिरवून मेण पुसून काढलं होतं.

बदलायला त्या वयाची दुसरी रोपं नव्हती. तरी मी एवढंच म्हणाले, "आता राहू द्या बाबा, दमलात." याला मी भीड म्हणत होते. खरं तर तो निव्वळ भित्रेपणा होता.

विसाव्या दिवशी साहेब आले. सहा रोपं ताठ उभी होती. उरलेल्या सहांची पानं बोटांत चुरत होती.

"सहा," साहेब म्हणाले. "म्हणजे नापास."

मी एका धडधाकट पानावर पाण्याचा थेंब टाकला. तो घरंगळून खाली पडला. वाळलेल्या पानावर टाकला, तो पसरला.

"या सहांचं मेण पुसलं गेलंय, साहेब. न पुसलेली सगळी जगलीत."

"पुसलं कोणी?"

सासरे मागेच उभे होते. दोन्ही थेंब त्यांनी पाहिले होते. लाकडात पाणी शिरू नये म्हणून जन्मभर राबलेल्या माणसाला आणखी काही समजावायची गरज नव्हती. त्यांनी तोंड उघडलं, पण मी आधी बोलले.

"मीच सांगितलं होतं पुसायला."

साहेबांनी जगलेल्या रोपांकडे पुन्हा एकदा नीट पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. झाड पास झालं, मी नाही. पुढची चाचणी आणि लागवड खात्यातल्या दुसऱ्या बाईंकडे गेली. मला फार वाईट वाटलं, आजही वाटतं.

परत जाताना सासऱ्यांनी विचारलं,

"खोटं का बोललीस?"

"अर्धंच खोटं होतं. 'छान' मीच म्हणाले होते ना."

"यापुढे म्हणू नकोस. चुकलं तर तोंडावर सांग. मी काही मोडत नाही."

"बरं."

"मग सांग, सकाळचा चहा मी कसा करतो?"

"पाणचट."

ते रस्त्यातच थांबले.

"मग दोन वर्षं मुकाट्याने पीत कशाला होतीस?"