फेट्याचा शेव

"शेव घट्ट खोचा. आज खाली आला तर बघा," म्हणत द्वारकाबाईंनी बापूसाहेबांच्या दारातच नवऱ्याचा फेटा पुन्हा चाचपला. सणसरहून बारामतीला येताना एसटीतही चाचपून झाला होता.

"अगं, आज शूटिंग न्हाय," दत्तोबा म्हणाले.

"त्येच सांगतीय."

दत्तोबांचा जन्म कालव्यावर पाणी सोडणारा पाटकरी म्हणून गेला. पाण्याच्या पाळीवरून कुऱ्हाडी निघाल्या तरी त्यांनी "आता पुरं" म्हटलं की माणसं मुकाट घरी जायची. काम सुटल्यावर ते उसाच्या फडात चाललेलं एका मालिकेचं शूटिंग बघायला गेले आणि गेणू होऊन परतले. गेणू म्हणजे त्या मालिकेतला भाबडा, गावंढळ म्हातारा. लिफ्टबाहेर चपला काढून आत जाणारा. फेट्याचा लोळता शेव स्वतःच्याच पायाखाली आला की दचकून वळणारा, "कोन हाय रं मागं?" मोबाइलवर सगळा मुलूख हसायचा. द्वारकाबाईही हसायच्या. निदान पहिलं वर्षभर.

आज मात्र हसू नको होतं. धाकट्या लेकीचं, अनिताचं, लग्न बापूसाहेबांच्या मुलाशी ठरत होतं. बाकी सगळं जमलं होतं, एक शब्द तेवढा घ्यायचा होता. तिचं नर्सिंगचं एक वर्ष उरलं होतं, ते सासरी राहून पुरं करू द्यायचं. निघताना पोरीनं एवढंच विचारलं होतं, "आबा, बोलाल नव्हं?"

पुरुषांची बैठक बाहेर, बायका आत. द्वारकाबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसल्या, उठल्या, पुन्हा बसल्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या.

दत्तोबांनी चहा बशीत ओतला तसं कुणीतरी खुसखुसलं, "आला, गेणू आला."

त्यांनी बशी खाली ठेवली. "बापूसाहेब, एक इनंती हाय. पोरीचं शिक्षान अर्धं ऱ्हायलंय. तेवढं पुरं करू द्या."

बैठक खो खो हसली. बापूसाहेबांनी मांडीवर थाप मारली. "शिक्षान! काय टायमिंग हाय बघा ह्यांचं."

"न्हाय, मी खरं बोलतोय."

"आणि तोंड तरी बघा कसं केलंय," दुसरा म्हणाला, आणि मोबाइल वर धरला.

दत्तोबांचा हात फेट्याकडे गेला. शेव जागेवर होता. तरी ते चाचपत राहिले, खिसा कापला गेल्यावर माणूस चाचपतो तसे.

हसणं ओसरलं. बोलणं कार्यालयाकडे, जेवणाकडे वळलं. ताटात सुपारी आली. ती एकदा फुटली की बोलायला जागा उरणार नव्हती. द्वारकाबाईंनी आयुष्यात कधी पुरुषांच्या बैठकीत पाय ठेवला नव्हता. कधी उठल्या ते त्यांनाही कळलं नाही.

"ती सुपारी जरा थांबवा, पाव्हणं."

सगळे वळले.

"आत्ता जे बोलले ते गेणू न्हवं, आमचं मालक. लेक नर्स व्हनार. तसा शब्द देत असाल तर फोडा. न्हायतर चहा झालाय, आमी निघतो."

कुणी हसलं नाही. मोबाइल खाली गेला. बापूसाहेबांनी दत्तोबांकडे पाहिलं, मग द्वारकाबाईंकडे.

"शिकू दे की. आमची कुठं ना हाय? दिला शब्द, विहीणबाई."

सुपारी फुटली. दत्तोबा मान खाली घालून फुटलेले तुकडे बघत होते.

निघताना दारातून एक सूनबाई म्हणाली, "आबा, एकदा करून दाखवा की, मागं कोन हाय ते."

दत्तोबांनी हात जोडले. "आज शेव खोचलाय, बाई."

एसटी स्टँडच्या रस्त्याला गर्दी होती. ते नेहमीसारखे पुढं, द्वारकाबाई मागं. चालता चालता शेव सुटला, पाठीवर लोंबू लागला. द्वारकाबाईंना तो दिसत होता. हात पुढं केला आणि मागं घेतला.

चौकात दत्तोबा थबकले. वळून पाहिलं, अगदी गेणू बघतो तसं. ओठ मात्र हलले नाहीत.

"हाय मी," द्वारकाबाई म्हणाल्या. "चला."