शिवेवरचं पाणी

निवृत्ती पळायला लागला तो एस.टी.मुळे.

तो मोताळ्याला ब्लॉकच्या कचेरीत कारकून होता. महाराष्ट्र होऊन तीन-चार वर्षं झाली होती, कचेरीतल्या भिंतींचा चुना अजून नवा होता. एकदा मलकापूरच्या वाचनालयातून आणलेल्या पुस्तकांची पिशवी तो गाडीतच विसरला. गाडी सुटली तसा तो मागे धावला. पुढे नाक्यावर कोणी उतरायला म्हणून ती थांबली, तेव्हा कुठे हाती लागली. पिशवी घेऊन तो मोरीच्या कठड्यावर बसला आणि आता घेरी येईल, छाती फुटेल, अशी वाट पाहू लागला. लहानपणापासून तो अशक्त म्हणूनच ओळखला गेला होता. पण तसं काही झालं नाही. उलट एखादं चांगलं पुस्तक संपवून दिवा बारीक करताना वाटतं, तसं काहीतरी त्याला वाटलं. ते खरं होतं की भास, हे पाहायला दुसऱ्या दिवशी सकाळी तो पुन्हा त्याच रस्त्यानं पळाला. मग रोजच पळू लागला.

अडचण लोकांची होती. मोठा माणूस पळतो तो कारणानंच, असं सगळे धरून चालत.

"काय झालं हो? बैल सुटला काय?"

"नाही, नाही. असंच."

"असंच?" विचारणारा उभाच राही. "असंच कोनी पयते काय?"

निवृत्ती मुळात लाजाळू. रोज चार माणसांना उत्तर देणं त्याला पळण्यापेक्षा जड जाई. त्याचा शाळेपासूनचा मित्र जहांगीर बाजारात शिलाईचं दुकान चालवत असे. त्यानं तोड काढली.

"हातात टमरेल घे. टमरेलवाल्याले कोनी काही पुसत नाही."

निवृत्तीनं टमरेल घेतलं. खरोखरच कोणी पुसेना. फक्त इतक्या घाईनं निघालेला माणूस पाहून लोक मोठ्या सहानुभूतीनं बाजूला होऊ लागले. आठवडाभरात त्यानं टमरेल घरी ठेवलं आणि जहांगीरकडे हाफ पँट शिवायला टाकली.

"माप पोराचं कुठं हाय?" जहांगीरनं विचारलं.

"माझ्याच मापाची."

जहांगीरनं टेप गळ्यातून काढली, त्याच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि म्हणाला, "भाऊ, गुडघ्याखाली तरी घे. तुले इथंच राहाचं हाय."

घरात आई मनकर्णाबाई आणि बायको कोकिळा, एवढीच माणसं. कोकिळेला पाचवा महिना लागला होता. आईला हे पळणं मुळीच पसंत नव्हतं. "घरात दोन जीवाची बाई, अन् हा गावभर पयते," असं ती देवाला सांगे, पण निवृत्तीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. कोकिळा वाद घालत नसे. तिनं एकदाच सांगून टाकलं होतं, "मले आता पोहरा वढवत नाही. पानी भरजा, मंग जाजा कुठं जाचं तं."

तेव्हापासून तो अंधार असतानाच विहिरीवर जाई. बायकांच्या आधी दोन हंडे भरून आणी, चूल पेटवून देई आणि उजाडताना रस्त्याला लागे. परत आला की न्हाणीत पाणी तयार असे आणि कोकिळा दारातच विचारी, "आज कुठवर?"

"नाल्यापर्यंत."

काही दिवसांनी, "चिंचेपर्यंत."

मग, "पीरबाबापर्यंत."

तो रस्ता तिच्या माहेरचा होता. बोरखेड तीन कोसांवर. लग्नाची वरात त्याच रस्त्यानं आली होती, आणि तिनं बैलगाडीतून त्यातलं झाड न् झाड पाहून ठेवलं होतं. त्यामुळे तिला ही उत्तरं पुरत. कधी ती म्हणे, "पीरबाबाच्या पुढं पाटलाची विहीर लागते. तठून आमचं गाव दिसते." एवढं बोलून ती भाकरी थापायला बसे. तिला त्या दिवसांत आईच्या हातच्या लोणच्याची वासना होती. सासूच्या लोणच्याला ती नावं ठेवत नसे, फक्त पानात ते तसंच उरलेलं असे.

निवृत्तीच्या मनात ते राहिलं. दिवाळीनंतरच्या एका रविवारी पाणी भरून झाल्यावर तो कोणाला न सांगता थेट बोरखेडला निघाला. पळत जायचं, लोणचं घ्यायचं, परतीला कोणाची गाडी मिळाली तर पाहायचं, एवढाच बेत होता. आपल्याला इतकं पळवेल का, याची त्याला खात्री नव्हती. म्हणूनही त्यानं सांगितलं नसावं.

थंडी होती. दोन्ही बाजूंना कापूस फुटला होता. पाटलाच्या विहिरीजवळ वेचणीच्या बाया वाकलेल्या होत्या. त्यातली एक सरळ झाली आणि म्हणाली, "हा उकंडरावाचा जवाई व्हय ना वं?" मग एकेक करत सगळ्याच सरळ झाल्या. निवृत्तीनं मान खाली घातली आणि पाय उचलला. त्याला वाटलं, त्या आपल्या हाफ पँटकडे पाहतायत.

सासऱ्यांच्या दाराशी तो पोचला तेव्हा श्वास जागेवर नव्हता. अंगावरून घाम गळत होता, पाय धुळीनं माखलेले, आणि गुडघे उघडे. अशा अवतारात सासूसमोर उंबरा ओलांडायचा कसा, म्हणून तो अंगणातच उभा राहिला. झुंबरबाई बाहेर आल्या. जावई पाहून त्यांनी पदर पुढे ओढला, आत गेल्या आणि पाण्याचा गडवा घेऊन आल्या.

पळून आल्या आल्या पाणी पिऊ नये, श्वास बसू द्यावा, असं निवृत्तीनं कुठंतरी वाचलं होतं, आणि वाचलेलं तो पाळत असे. त्यानं हातानंच नको म्हटलं.

"काऊन?" झुंबरबाईंचा आवाज बारीक झाला.

त्याला बोलायचं होतं. पण श्वासातून एकच शब्द निघाला, "कोकिळा..."

झुंबरबाईंच्या हातून गडवा पडला. त्या होत्या तिथंच खाली बसल्या आणि त्यांनी जो हंबरडा फोडला, त्यानं शेजारची दारं एकाच वेळी उघडली.

त्या भागात मयताचा सांगावा आणणारा माणूस उंबरा ओलांडत नाही आणि सांगून होईपर्यंत त्या घरचं पाणी घेत नाही. हे निवृत्तीला माहीत नव्हतं असं नाही. त्याचे वडील गेले तेव्हा त्याच्या चुलत्यानं असेच दारोदार उभं राहून सांगावे दिले होते. पण त्या क्षणी त्याच्या डोक्यात फक्त स्वतःचे गुडघे होते. बाया धावत आल्या. कोणी झुंबरबाईंचं डोकं मांडीवर घेतलं. "कवा गेली? बायंतपनात का?" असं कोणी त्यालाच विचारत होतं. तो "नाही, नाही" म्हणत होता, पण रडणाऱ्या घरात नाही-नाही सगळेच म्हणतात. शेवटी होता नव्हता तेवढा श्वास गोळा करून तो म्हणाला, "लोणचं!"

रडणं हळूहळू थांबलं.

"तिला लोणचं पाहिजे," निवृत्ती म्हणाला. "बरी आहे ती. चांगली आहे. आंब्याचं लोणचं."

कोणी हसलं नाही. एक म्हातारी फक्त म्हणाली, "मुडद्या, मंग पानी काऊन नाही पेला?"

उकंडराव शेतातून आले. त्यांना वाटेतच बातमी लागली होती आणि वाटेतच ती खोटी असल्याचंही कळलं होतं, तरी त्यांचा चेहरा पहिल्या बातमीचाच राहिला होता. त्यांनी सरळ गाडी जुंपली. लेकीला डोळ्यांनी पाहिल्याशिवाय झुंबरबाई अन्नाला शिवणार नव्हत्या. लोणच्याची बरणी मांडीवर धरून निवृत्ती गाडीत मागे बसला. सकाळी ज्या झाडांना मागे टाकत तो आला होता, ती आता फार सावकाश जात होती.

कोकिळा ओट्यावर तूर पाखडत होती. झुंबरबाई उतरल्या आणि त्यांनी तिचा चेहरा, खांदे, हात चाचपून पाहिले, आंधळं माणूस पाहतं तसे. मग त्या रडल्या, पण ते रडणं वेगळं होतं. झालं काय हे समजल्यावर मनकर्णाबाईंनी कपाळाला हात लावला. "म्या हजार डाव सांगतलं याले," त्या व्याह्यांना म्हणाल्या.

जेवणं झाल्यावर उकंडरावांनी सुपारी कातरता कातरता विषय काढला. "जवाईबापू, आमी पोरगी देली तवा तुमच्या पगाराचं पुसलं नाही, जमिनीचं पुसलं नाही. मानूस वाचनारा हाय, गरीब हाय, म्हनून देली. आता येक मांगतो. हे पयनं सोडा. आज कोकीच्या मायचा जीव गेला असता."

निवृत्तीनं मान हलवली. सासऱ्यांचं खोटं होतं असं त्यालाही वाटलं नाही.

पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं होतं. झुंबरबाईंनी कोकिळेला त्याच गाडीतून, ठरल्याहून दोन महिने आधी नेलं. गाडीत चढताना ती थांबली. "पानी आता येकच हंडा भरजा," एवढंच म्हणाली.

तो एक हंडा भरू लागला. उजाडेपर्यंत मग काही काम नसे. पुस्तक उघडलं तर तेच पान पुन्हा पुन्हा येई. हाफ पँट खुंटीवर होती, आईनं तिची घडी घालून पेटीत टाकली. रविवारी तो धोतर नेसून, छत्री घेऊन चालत बोरखेडला जाई. पोचायला ऊन वर येई. मग सासऱ्यांशी सरकीचे भाव, मग जेवण, आणि अंधाराच्या आत परत फिरायचं. त्यात कोकिळा चहाचा कप ठेवून जाण्यापुरती भेटे.

तिसऱ्या रविवारी कप ठेवताना तिनं हळूच विचारलं, "आज कुठवर?"

"आता कुठवरच नाही," तो म्हणाला.

ती उभी राहिली. त्याच्या पायांकडे पाहत होती. मग आत गेली. आतून माय-लेकींचं बोलणं ऐकू येऊ लागलं. शब्द कळत नव्हते. निवृत्तीला वाटलं, आपल्यामुळे आता इथंही भांडण. आपण चहा संपवून उठावं.

तेवढ्यात झुंबरबाई दाराच्या आड येऊन उभ्या राहिल्या. जावयाशी त्या सरळ बोलत नसत. तोंड भिंतीकडे करून त्या लेकीलाच म्हणाल्या, "सांग त्यायले. म्हना, त्या दिवसापासून मोताळ्याच्या रस्त्यावर कोनी दिसलं का माह्या पोटात गोया येते."

"माय सांगून राह्यली..." कोकिळेनं सुरुवात केली.

"ऐकू येतं मला," निवृत्ती म्हणाला. "मी सोडलं आहे आता. चालतच येतो."

"तेच तं म्हनतो मी," झुंबरबाई भिंतीला म्हणाल्या. "तिकून चालत येनारा मानूस अर्धा घंटा दिसत राह्यते. मानसाची चाल तठून काय कयते? हा येकटाच येऊन राह्यला, काय घेऊन येऊन राह्यला, त्याच्या घरचं सगयं ठीक हाय का नाही, देव जाने. तेवढा येळ मी जीव मुठीत धरून उभी. पयत आला तं लवकर तरी मोकया होईन माहा जीव."

ओट्यावर उकंडरावांनी घसा खाकरला.

"तुमी सुपारी खा," झुंबरबाई आतूनच म्हणाल्या. "कोकी, त्यायले सांग. पयत येजा म्हना. पन शिवेवर निंबाखाली पहिले पानी पेजा. गावाच्या मानसासमोर. तठून मले दिसते. पानी पेला का मी समजीन."

"अन् ते चड्डी..." उकंडराव म्हणाले.

"शिवेपासून पंचा गुंडायजा म्हना," झुंबरबाई म्हणाल्या, आणि विषय संपला.

निवृत्तीनं कोकिळेकडे पाहिलं. ती मान खाली घालून रिकामा कप उचलत होती. तिचे ओठ घट्ट मिटलेले होते, हसू येत असताना ती मिटते तसे.

पुढच्या रविवारी त्यानं अंधारात हंडा भरला. आईनं पेटीतून हाफ पँट काढून दिली. महिनाभरात पाय जड झाले होते. चिंचेपाशी त्याला वाटलं, जमणार नाही. पीरबाबापाशीही वाटलं. पाटलाच्या विहिरीजवळ वेचणीच्या बाया होत्या. शेवटची वेचणी चालू होती, झाडं जवळजवळ रिकामी. एकजण सरळ झाली, मग दुसरी, मग सगळ्याच. या वेळी त्यानं मान खाली घातली नाही, पण त्यांच्याकडे पाहण्याचंही धैर्य झालं नाही.

शिवेवरच्या निंबाखाली कोणाला पाणी मागायचं, ही काळजी तो सबंध रस्ता करत आला होता. अनोळखी माणसाला काय सांगायचं? पण निंबाखाली झुंबरबाई उभ्या होत्या. डोक्यावर पदर, हातात तोच गडवा. पडल्यानं त्याच्या काठाला पोचा आलेला होता.

निवृत्ती थांबला. श्वास जागेवर नव्हता. पुस्तकातलं त्याला आठवलं, तरी त्यानं दोन्ही हातांनी गडवा घेऊन तोंडाला लावला. पाणी थंड होतं. अर्ध्यात त्याला ठसका लागला.

"सावकाश प्या, जवाईबापू," झुंबरबाई म्हणाल्या.

त्यानं सगळं पाणी संपवलं. झुंबरबाईंनी गडवा परत घेतला, उपडा करून पाहिला आणि गावाकडे तोंड करून चालू लागल्या. पंचा गुंडाळता गुंडाळता त्यानं मागे पाहिलं. शेतातल्या बाया अजून सरळ उभ्या होत्या. मग एकेक करत त्या पुन्हा कापसाकडे वाकल्या.