व्हिडिओतलं ‘कळलं का?’

आमच्या शाळेची मुख्याध्यापिका म्हणजे माझी सख्खी नणंद. घरी ती मला वहिनी म्हणते आणि माझं ऐकते. शाळेत मी तिला मॅडम म्हणते आणि अजिबात ऐकत नाही. शिक्षकांच्या बैठकीत तिने नवीनच टूम काढली. म्हणे, वर्ग उलटा करायचा! धडा आम्ही व्हिडिओवर शिकवायचा, मुलांनी तो घरी बघून यायचा आणि वर्गात बसून गणितं सोडवायची.

“आणि मी काय करायचं? माशा मारायच्या?” मी विचारलं.

“मुलांमध्ये फिरायचं. ज्याला अडेल त्याला मदत करायची.”

“काहींच्या घरी फोन एक आणि माणसं ढीगभर. त्यांचं काय, मॅडम?”

“त्यांना शाळेतल्या संगणकावर बघता येईल.” बाईसाहेब तयारीनिशी आल्या होत्या.

विज्ञानाचे सर म्हणाले, “बरंच आहे की. गृहपाठ कुणाची आई करते ते तरी समजेल.” सगळे हसले. मी नाही हसले. चित्रकलेच्या बाईंनी विचारलं, जी मुलं व्हिडिओ बघणारच नाहीत त्यांचं काय? त्यावर बराच काथ्याकूट झाला आणि शेवटी ठरलं, की प्रयोग माझ्या सहावीवर करायचा. जमला तर पुढच्या वर्षी सगळी शाळा उलटी.

घरी येऊन मी भांडी आपटली. खरं सांगायचं तर भीती वाटत होती. फळ्यासमोर उभं राहून समजावून सांगणं, एवढंच मला मनापासून येतं. तेही फोनमध्ये गेलं, तर माझी गरज कुणाला?

रविवारी ओट्यावर छोटा फळा टेकवला. फोन आमच्या ह्यांच्या हातात. धडा अपूर्णांकांच्या भागाकाराचा. पहिली पायरी समजावली आणि सवयीने विचारलं, “कळलं का?”

वर्गात यावर “होऽऽ” असा एकच कल्ला होतो आणि मी पुढे जाते. स्वयंपाकघरात कोण म्हणणार हो? मी आपली थांबले. थांबूनच राहिले. नळ ठिबकत होता. शेवटी फोनमागून आवाज आला, “हो बाई, कळलं. चल पुढे, हात अवघडलाय माझा.”

प्रत्येक पायरीला हेच. व्हिडिओची कापाकापी मला येत नाही, आणि नणंदेला विचारायला मी मेले तरी गेले नसते. तसाच मुलांना पाठवून दिला.

दुसऱ्या दिवशी वर्गात शिरते तोच कुणीतरी विचारलं, “बाई, काकांना कळला का भागाकार?” हसून हसून लोळली कार्टी. मग जोड्या करून गणितांना लागली आणि पटापट सोडवायलाही लागली. मी बाकांमधून फिरत होते आणि कुणी मान वर करून बघेना. त्यातच नणंद दारात येऊन उभी.

तेवढ्यात मागच्या बाकावरून हात वर आला. मनीचा! ही मुलगी मांजराच्या पावलांनी येते, तशीच जाते, म्हणून तिला सगळे मनी म्हणतात. हात वर केलेला मी कधी पाहिला नव्हता.

“बाई, मला नाही कळलं.”

“व्हिडिओ बघितलास ना?”

“पुन्हा पुन्हा बघितला. तुम्ही ‘कळलं का’ विचारून थांबता ना, तेव्हा दर वेळी ‘नाही’ म्हटलं. इथे सगळे लगेच हो म्हणतात, मग मला म्हणताच येत नाही.”

मी तिच्या शेजारी टेकले. “बरं, काय अडलंय?”

“तीनला अर्ध्याने भागलं की सहा येतात. भागल्यावर वाढतं कसं?”

अगं बाई! उत्तर सगळ्यांचं बरोबर होतं, पण हे कुणी विचारलंच नव्हतं. मी तीन कोरे कागद तिच्यापुढे ठेवले. “प्रत्येकाला अर्धा कागद द्यायचा. किती जणांना पुरतील?”

तिने फाडले, मोजले. “सहा! म्हणजे कागद तेवढाच आहे, तुकडे वाढले.”

“हात्तिच्या, असं होय?” पुढच्या बाकावरचा वळून म्हणाला. आत्तापर्यंत पटापट सोडवणारा! बघता बघता अर्धा वर्ग आमच्या बाकाभोवती. “बाई, आम्हाला पण दाखवा ना!” घसा बसेपर्यंत बोलले मी त्या तासाला.

घंटा झाल्यावर नणंद जवळ आली. “मग, वहिनी?” शाळेत आहोत हे विसरलीच.

“करीन व्हिडिओ. पण मी थांबते ती जागा कापायची नाही. आणि फळा माझा मला हवा.”

“बरं बाई,” ती हसून म्हणाली.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर एक उदाहरण मांडलं आणि विचारलं, “कळलं का?”

“होऽऽ!”

मी पुढे गेले नाही. खडू हातात धरून थांबले. मुलं एकमेकांकडे बघायला लागली.

“नाही,” मागून मनी म्हणाली.

“मला पण नाही,” पुढचा म्हणाला. मग खिडकीजवळून आणखी एक.

इतका आनंद झाला म्हणून सांगू! फळा पुसला आणि पहिल्यापासून सुरुवात केली.