कोरेगावची कण्हेर

आमच्या घरात सवत आली ती चार पायांवर. पांढरीशुभ्र, आणि नाव काय तर सोनम! आमच्या मालकांनी, कोंडीबांनी, मेंढरं विकून तिला लग्नाच्या वरातींसाठी घेतली. त्याला माझी हरकत नव्हती. पण माणसानं सकाळी उठून आधी घोडीच्या तोंडावरून हात फिरवावा आणि मग बायकोला चहा मागावा, हे मला सोसेना. मोबाइलच्या स्टेटसला रोज सोनम. बावीस वर्षांच्या संसारात माझा फोटो एकदाही नाही.

आणि एक दिवस त्यांनी कुऱ्हाड उचलली ती माझ्या कण्हेरीवर. कोरेगावच्या माहेराहून फांदी आणून मी ती लावली होती. आमच्या माण तालुक्यात पाण्याचे हाल, तरी भांड्यांचं पाणी घालून वाढवलेली.

"इख हाय त्ये, शालू. चार पानं प्वाटात गेली तर घोडी मरंल."

"आवं, इतकी वर्सं मेंढरं फिरली हिच्याभवती. एक तरी मेलं का?"

"हिरवी कडू लागती, म्हून त्वांड लावत न्हाईत. वाळली की कडूपणा जातो, इख जात न्हाई. समद्या फांद्या वढ्यात नेऊन गाड."

झाड तोडून, एवढं सांगून ते भाचीच्या लग्नासाठी चार दिवस सांगलीला, विश्रामबागेत गेले. मी काही फांद्या गाडल्या नाहीत. तुमची लाडकी, तुम्हीच गाडा, असं पुटपुटत बंबाच्या जळणाला म्हणून गोठ्याच्या कुडाला टेकवून ठेवल्या. रोज फोन यायचा, "सोनमनं पानी पिलं का?" मी जेवले का, हे कुणी विचारायचं?

चौथ्या दिवशी दुपारी बघते तर सोनमचा दोर सुटलेला. कुडापाशी मान लांबवून तिनं वाळक्या पानांना तोंड घातलं होतं. मी दारात उभी होते. नुसतं हाड केलं असतं तरी ती मागं सरली असती. मी केलं नाही. मरू दे, असं मनात आलं. खोटं कशाला सांगू, आलं.

तेवढ्यात तिनं मला बघितलं आणि कान पुढं करून हलकेच खिंकाळली. संध्याकाळी मी कडबा घेऊन गेले की खिंकाळायची, तशीच. मग मात्र मी धावले. तिच्या जबड्यात हात घालून होतं नव्हतं ते पान ओढून काढलं. तिनं माझी दोन बोटं फोडली. दहिवडीच्या गुरांच्या डॉक्टरांनी येऊन दोनदा सोनमची छाती तपासली. "गिळायच्या आत काढलंत, म्हणून वाचली," म्हणाले. ते गेल्यावर एकेक पान वेचून मी ओढ्यात गाडलं.

डॉक्टरांनी फोन केला असावा. दिवेलागणीला मालक एसटीतून उतरले ते गोठा ओलांडून आधी माझ्याकडं आले. हळद लावलेली बोटं हातात घेतली. फांद्या गाडायच्या कशा राहिल्या, हे विचारलंसुद्धा नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. मला सोनमजवळ उभं करून त्यांनी फोटो काढला आणि स्टेटसला टाकला. खाली लिहिलं, 'माझ्या शालूनं वाचवली.'

सोनम माझ्या खांद्याला तोंड घासत होती.

"काढून टाका त्यो फोटू," मी म्हणाले.

"लाजतीस व्हय गं?" ते हसले.

मी मान खाली घालून "व्हय" म्हणाले.