दोन घंट्यांशिवाय चाक हलत नाही

मार्गासनीच्या सावळारामानं एकतीस वर्षं भोर आगाराची एसटी हाकली आणि त्याच्या पोरीनं परीक्षेत विमान भलत्या जागी घातलं. गावाला चघळायला एवढं पुरेसं होतं. पारावरचा धनाजी तर म्हणाला, "हवेत लई भारी, जमिनीवर गोची." विमानाचं चाक ज्यानं जन्मात पाहिलं नाही, तो हे बोलणार. चालायचंच.

रत्ना आठ वर्षं सहवैमानिक होती. आता कप्तान व्हायची परीक्षा, आणि जमिनीवर विमान चालवायचं काम कप्तानाचं. परीक्षा होते ती बंद खोलीतल्या खोट्या विमानात, पण काचेबाहेर बर्फ अगदी खऱ्यासारखा पडतो. गजबजलेलं परदेशी विमानतळ, रंगवलेल्या रेघा बर्फाखाली गडप, मागंपुढं विमानांची रांग. धावपट्टीच्या तोंडाशी लाल दिव्यांची एक ओळ असते. मनोऱ्यातून परवानगी मिळाल्याशिवाय ती ओलांडायची नाही. बर्फात निम्मी बुजलेली ती ओळ रत्नानं ओलांडली. आता सोमवारी शेवटची संधी. तीही हुकली तर पुढची कितीतरी वर्षं मदतनिसाच्याच खुर्चीत.

"अशी कशी गेलीस गं?" घरी आलेल्या रत्नाला सावळारामानं विचारलं.

"पुढच्या विमानाची बत्ती सोडली न्हाई, आण्णा. तुमीच शिकवलं व्हतं."

खरं होतं. आठ वर्षांची रत्ना त्याच्या केबिनमध्ये बसून वरंधा घाटातून यायची, तेव्हा त्यानंच सांगितलं होतं की धुक्यात पुढच्या गाडीची लाल बत्ती धरायची आणि सोडायची नाही. घाटातला प्रत्येक डायव्हर तेच करतो. पण त्यातली निम्मी गोष्ट त्यानं पोरीपासून लपवली होती, आणि आज त्याला त्याची मनापासून लाज वाटली.

शेजारी त्याचा जुना कंडक्टर कोंडिबा बसला होता. तो मिशीत हसला. "सांग की आता, डायव्हर."

"हिर्डोशीच्या अलीकडं असंच धुकं व्हतं," सावळाराम खाली बघत म्हणाला. "ट्रकची बत्ती धरली. ट्रक वळला, म्या वळलो. ट्रक थांबला, म्या थांबलो. ट्रकवाला उतरून म्हणला, आवो पाव्हणं, हे माझं घर हाय."

"बेचाळीस पाशिंजर त्याच्या अंगणात," कोंडिबा म्हणाला. "म्या वळतानाच एक घंटी मारली व्हती, थांब म्हणून. ह्यो बत्तीकडं बघतोय, ह्याला घंटी कुठली ऐकू यायला?"

रत्ना हसता हसता रडली. एसटीत एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. दोन घंट्यांशिवाय चाक हलवायचं नाही, मग पुढं बत्ती असो नाहीतर साक्षात देव उभा असो. हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला भात काढून रिकाम्या झालेल्या वावरात सावळारामानं कबड्डीच्या मैदानासारखी फक्कीची आडवी रेघ मारली. खाचरात पाणी सोडून चिखल केला. "बर्फ न्हाई मिळत हितं. चिखलात घसरून बघ." गुंजवणीच्या खोऱ्यात धुकं असं की बांध दिसेना. पुढं ट्रॅक्टरवर तोच धनाजी, कारण चेष्टा करणारा माणूस कामालाही पहिला येतो. त्याच्यामागं रत्नाचा ट्रॅक्टर, आणि तिच्यामागं दुधाचा टेम्पो. कोंडिबा धुक्यात कुठंतरी घंटी घेऊन उभा. घंटी देवघरातली. बनाबाई, रत्नाची आई, तेवढ्यासाठी दोन दिवस नवऱ्याशी नीट बोलली नाही.

पहिल्या दिवशी धनाजी फक्कीपलीकडं गेला आणि रत्नाही त्याच्यामागं गेली. टिंग. एकच. सावळाराम ओरडला नाही. "परत," एवढंच म्हणाला. अशा सात फेऱ्या झाल्या. वळताना ट्रॅक्टर चिखलात दोनदा घसरून आडवा फिरला, तेव्हा ती माणसाच्या चालीनं वळायला शिकली.

चौथ्या दिवशी धनाजीची बत्ती रेघेपलीकडं गेली आणि कोंडिबानं मुद्दामच घंटी वाजवली नाही. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मागून टेम्पोवाला हॉर्नवर हॉर्न मारू लागला, "ताई, दूध नासंल," म्हणून गळा काढू लागला. रत्नानं ब्रेकवरचा पाय काढला नाही. वीस मिनिटांनी टिंग टिंग झालं, तेव्हाच तिचं चाक हललं.

रत्ना जाताना ठरलं, परीक्षा झाली की मोबाईलवर खूण करायची. नापास तर एक मिस कॉल, पास तर दोन.

सोमवारी दुपारी सावळाराम रेंज मिळते म्हणून देवळाच्या पायरीवर बसला. मागं हळूहळू निम्मा गाव जमला. चार वाजता मोबाईल एकदा वाजला आणि थांबला.

एकच.

पाच मिनिटं गेली, पंधरा गेली. बनाबाईनं पदर तोंडाला लावला. सावळारामाला वाटलं, आपणच पोरीला बुडवलं. तो उठायला लागला, तोच मोबाईल दुसऱ्यांदा वाजला. आणि मग लगेच तिसऱ्यांदा. हा मात्र खराखुरा फोन होता.

"आण्णा, पास."

"आगं मग मघाशी एकच का दिलीस? हितं जीव गेला आमचा."

"पुढचं विमान ओळीपलीकडं गेलं, म्या थांबले. मनोऱ्यातून म्हणाले, मागं चार विमानं खोळंबलीत, जरा हात चालवा. म्या इचारलं, ओलांडायची परवानगी हाय का? उत्तर न्हाई. परत इचारलं, तरी न्हाई. मग थांबूनच राहिले. तेवढ्यात समोर धावपट्टीवर एक विमान धाडकन उतरलं. गेले असते तर त्याच्या पोटात शिरले असते."

"आन घंटी?"

"परीक्षा घेणारे साहेब बाहेर येऊन म्हणले, छान झालं. म्या खुशीत एक घंटी दिली. मग ध्यानात आलं, नुसतं छान म्हणलेत, कागदावर सही कुठं केलीय? मग थांबले. सही झाली, तवा दुसरी दिली."

सावळारामानं फोन कानापासून काढला आणि गावाकडं वळला.

"कप्तान झाली," तो म्हणाला. "आन डायव्हर माझ्यापेक्षा चांगली झाली."

कोंडिबानं वर हात नेऊन देवळाची घंटा दोनदा वाजवली.