टाच टेकेपर्यंत

“पाय सरळ झाला की आया गाफील होतात,” दवाखान्यातल्या उर्मिलाताई म्हणाल्या होत्या. “प्लास्टरनं पाय सरळ होतो, पण तो सरळ राहतो बुटांमुळे. आत्ता सगळ्याजणी मान हलवतात. नंतर माझा फोनसुद्धा उचलत नाहीत.”

मानसीनेही मान हलवली होती. ह्या बाईंना कुठल्या बायका भेटतात कोण जाणे, असं तिच्या मनात आलं होतं. ती स्वतः बी.एस्सी. झालेली. पोरीला साधी शिंक आली तरी कपाळाला हात लावून बघणारी. आपल्याला हे सांगायची काय गरज, एवढंच तिला वाटलं.

मैत्री जन्मली तेव्हाच तिचा उजवा पाय आत वळलेला होता. तळवा असा फिरलेला, जणू दुसऱ्या पायाकडे बघत बसलाय. मग दर आठवड्याला जुनं प्लास्टर उतरवायचं, पाय थोडा वळवून नवं घालायचं. शेवटी टाचेमागची ताठ शीर सैल करायला बारीकसा छेद दिला. शेवटचं प्लास्टर उतरलं तेव्हा दोन्ही पायांत फरकच दिसेना. लोकेशने, म्हणजे मानसीच्या नवऱ्याने, तिथेच फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, “ओळखा कुठला वाकडा होता.”

त्याच दिवशी बूट मिळाले. बाहुलीच्या मापाचे दोन बूट, बाहेरच्या दिशेला वळवून एका दांडीला जोडलेले. सुरुवातीला जवळजवळ दिवसभर घालायचे, नंतर फक्त झोपेत, पोरगी चार वर्षांची होईपर्यंत.

भाईंदर पूर्वेच्या त्या वन रूम किचनमध्ये पहिल्याच दिवशी मैत्रीने असा टाहो फोडला की मानसीची सासू वैजयंता उठून गॅलरीत गेली आणि कानावर पदर घेऊन बसली. वैजयंता मूळची परभणीची. नवऱ्यामागे इकडे आली आणि स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात पॉलिशचं काम करून तिने लोकेशला वाढवलं, शिकवलं. बाई कणखर, पण नातीच्या रडण्यापुढे तिचं काही चालेना. “मला न्हाई बघवत,” ती म्हणाली. “तुझं तू कर, बाई.”

मानसी करत राहिली. शेजारच्या हंसाबेन दारात येऊन म्हणाल्या, “इतनी सी बच्ची और पैर में बेड़ी? क्या गुनाह किया इसने?” मानसी हसली, दार लावलं आणि ओट्याशी उभी राहून रडली.

अशात तिला मोबाइलवर ती रील दिसली. एक नीटनेटकी आई बाळाच्या पायाला गुलाबी, मऊ पट्टा बांधत होती. ना बूट, ना दांडी, ना रडणं. बाळ आपलं अंगठा चोखतंय. मानसीने खालच्या कॉमेंट्स वाचल्या, आणखी दोन व्हिडिओ बघितले, आणि पट्टा मागवला.

पट्टा आला त्याच सुमारास चौदा एप्रिलची जयंती जवळ आली. मानसीचा भाऊ उदय भाचीसाठी चांदीचे वाळे घेऊन आला. मामाने आणलेले वाळे मामानेच पायात घालायचे, ही दोन्ही घरांतली रीत. उदयने वाळे हातात धरले आणि बुटांकडे बघितलं.

“ताई, हे कुठे घालू? दांडीला लटकवू का?”

सगळे हसले. मानसीने बूट काढले. दोन दिवसांचा तर प्रश्न, आणि पट्टा आहेच. पांढरा फ्रॉक, पायात वाळे, मामाच्या कडेवर मैत्री. फोटो इतके सुंदर आले की तिने ते पुन्हा पुन्हा बघितले. पोरगी शांत झोपली. कित्येक आठवड्यांनी मानसीही झोपली.

ते दोन दिवस लांबत गेले. वैजयंता जावेच्या ऑपरेशनसाठी गावी गेलेली, लोकेश सकाळी जाणार तो रात्री येणार. बूट कपाटावर गेले. पट्टा तेच काम करतोय, मानसीने स्वतःला सांगितलं. शिकलेल्या माणसाला स्वतःची समजूत घालणं फार सोपं जातं, वाक्यं तयारच असतात.

वैजयंता परत आली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नातीला अंघोळ घालायला बसली, नेहमीसारखी, पाय पसरून आणि पोरीला नडग्यांवर पालथं घेऊन. पाठ चोळली, मांड्या चोळल्या, आणि पावलापाशी तिचा हात थांबला.

“मानसी, हिची टाच कुठं गेली?”

मानसीने कपाटावरचे बूट काढले. पाय आत जाईना. कसाबसा घुसवला तर टाच वरच्या वर तरंगत राहिली. बुटाच्या मागे एक भोक असतं, टाच खाली टेकली की त्यातून दिसते. मानसीने डोळा लावून बघितलं. आत नुसतं अस्तर दिसत होतं.

उर्मिलाताई रागावल्या नाहीत, आणि ते जास्त लागलं. त्यांनी नुसती प्लास्टरच्या सामानाची पाटी पुढे ओढली.

“पुन्हा पहिल्यापासून?” मानसीने विचारलं.

“पुन्हा पहिल्यापासून. अजून वेळ गेलेली नाही. पण आता परत सुटला, तर मोठं ऑपरेशन करावं लागेल. आणि मग तो पाय कडकच राहतो, मोकळा चालत नाही.”

परतीला दोघींनी रिक्षा केली. फाटकाजवळ गाडी अडकली तेव्हा वैजयंता बोलली.

“मी गॅलरीत जाऊन बसले, तिथं चुकलं. तू एकटी पडलीस. आता बूट मी घालणार.”

“तुम्हाला बघवत नाही ना, आई?”

“न्हाई बघवत. हात तर चालतात.”

प्लास्टरं पुन्हा चढली, पुन्हा उतरली, आणि बूट परत आले. ह्या वेळी वैजयंता उर्मिलाताईंसमोर फरशीवर मांडी घालून बसली आणि म्हणाली, “दाखवा.” त्यांनी दाखवलं. “पुन्हा दाखवा.” रांगेतल्या बायका उसासे टाकायला लागल्या तरी ती हलेना. आधी गुडघा वाकवायचा, टाच खाली दाबून धरायची, मधला पट्टा आवळायचा, भोकातून बघायचं आणि मगच बाकीचं. घरी तिला सुरुवातीला जमायचं नाही. मैत्री तिच्या तोंडावर लाथ मारायची आणि तिचे डोळे भरून यायचे. पण डोळे पुसायला हात मोकळा नसायचा. पाणी गालावरून तसंच वाहू देऊन ती पट्टा आवळायची.

मानसी दाराशी उभी राहून हे बघायची.

पोरगी रडते ती दोन पाय वेगवेगळे हलवता येत नाहीत म्हणून, हे उर्मिलाताईंनी सांगितलेलं वैजयंताच्या लक्षात राहिलं होतं. मग ती दांडी हातात धरून दोन्ही पाय एकदम वर-खाली करायची आणि गायची. गाणी संपली की भाजीचे भाव चालीवर म्हणायची. हळूहळू मैत्रीला ती लाथ मारायची युक्ती आवडायला लागली. पोरगी थोडी मोठी झाल्यावर वैजयंताने कापडी बाहुली शिवली आणि तिच्या पायांना आइस्क्रीमची काडी बांधली. एकदा तर लोकेशचे पाय ओढणीने बांधून ठेवले, का तर बाप पण असाच झोपतो हे पोरीला दिसावं. तेवढ्यात बेल वाजली. लोकेश उड्या मारत दारापर्यंत गेला. दारात पाण्याचे जार देणारा पिंटू. त्याने वरपासून खालपर्यंत बघितलं.

“दादा, भरतीची तयारी चाललीय काय?”

हंसाबेन पुन्हा बेडीवर बोलायला आल्या तेव्हा वैजयंता वर न बघता म्हणाली, “बेन, बाद में डांटना. पहले ये दूसरा बूट पकड़ो.” हंसाबेननी पकडला. तेव्हापासून मैत्रीच्या झोपेच्या वेळी त्या चपला काढून आतच यायला लागल्या.

लग्नं झाली, ताप येऊन गेले, परभणीच्या वाऱ्या झाल्या. पिशवी भरताना पहिल्यांदा बूट आत जायचे. एका लग्नात मैत्री पंगतीतच पेंगायला लागली. वैजयंता हात धुऊन उठली आणि मांडवाच्या कोपऱ्यात पिशवीतले बूट काढून नातीला घालायला बसली. तिची जाऊ म्हणाली, “एक दिवस ऱ्हाऊ दे की. उद्या घाल.”

“उद्याचे उद्या घालणारच हाय. हे आजचे.”

मानसी पाळत ठेवून असायची. सासू कधीतरी कंटाळेल, कधीतरी एखादा पट्टा सैल सोडेल, असं तिला वाटायचं. थोडं मनातून हवंही होतं, म्हणजे आपण एकटीच तशी नाही असं वाटलं असतं. वैजयंताचा डोळा लागला की ती चादर उचलून बघायची. भोकातून टाच दिसायची. दर वेळी. पुढे पुढे ती तपासायला म्हणून बघेनाशी झाली. देवळात जाणारी माणसं ज्या कारणाने आत डोकावतात, तशी ती डोकावायची.

मग वैजयंतालाच ताप भरला. ती थरथरत उठून बसली आणि तिने बुटांकडे हात केला. मानसीने ते तिच्या हातातून घेतले.

“मी घालते, आई.”

“भोकातनं बघ.”

“बघते.”

“रडली तर गाणं म्हण.”

“मला कुठे येतं?”

“भाव तर माहितेत ना भाजीचे.”

मानसीने कांद्यापासून सुरुवात केली. चाल पार बिघडली, मैत्री रडायचं विसरून आईच्या तोंडाकडे बघत राहिली, आणि पांघरुणात वैजयंता हसून हसून खोकली. त्या दिवसापासून बूट दोघींचे झाले.

मैत्री आता साडेतीन वर्षांची आहे. परवा अंघोळ अर्धी टाकून ती ओल्या पायांनी मोरीतून जी पळाली ती थेट गॅलरीपर्यंत. मागून टॉवेल घेऊन धावलेली मानसी फरशीवर खिळून उभी राहिली. पावलांचे ओले ठसे उमटले होते. डावं, उजवं, डावं, उजवं. प्रत्येक उजव्या ठशाला मागे गोल, भरलेली टाच. तिने सासूला हाक मारली. वैजयंता आली, कमरेवर हात ठेवून ठसे वाळेपर्यंत बघत राहिली. मग म्हणाली, “अजून चार वर्षांची व्हायचीय ती,” आणि रात्रीचे मोजे धुवायला निघून गेली.

दवाखान्यात आता उर्मिलाताई नव्या आयांना वैजयंताशेजारी बसवतात. मागच्या खेपेला भाविका नावाची एक पोरगी बसली होती, मोरव्याची, कोळ्यांच्या घरातली. तिच्या मांडीवर स्वरूप. त्याचे पाय नुकतेच सरळ झालेले, बूट नवेकोरे.

“आता बरा हाय त्याचा पाय,” ती आनंदाने म्हणाली. “आमच्याकडं हलद हाय दिराची. पावनं येतील, बोलतील. दोन दिस काढून ठेवीन.”

मानसीला एकदम उदयच्या हातातले वाळे दिसले. तिने भाविकाला सगळं सांगितलं, पट्ट्यापासून अस्तरापर्यंत. वैजयंताने तिच्याकडून बूट घालून घेतले, चुकलं तसं काढून पुन्हा घालून घेतले. भाविकाने मान हलवली. अगदी मानसीसारखीच.

ह्या खेपेला ती आली नाही. फोन वाजतो, उचलत नाही. रविवारी सासू-सुना मोरव्याला जाऊन आल्या. घराला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, “माहेरी गेलीय, उत्तनला. पोराला घेऊन.” उत्तनला नेमकं कुठे, ते तिला माहीत नव्हतं.

तेव्हा तुमच्यापैकी कोणी उत्तनच्या बाजूला राहत असेल, तर एवढं करा. कडेवर गोरागोमटा, जावळ न काढलेला स्वरूप असलेली भाविका दिसली, तर तिच्या घरी जा. पाय कसा आहे विचारू नका, ती छान आहे म्हणेल, आणि तो खरंच छान दिसत असेल. काल झोपताना बूट घातले होते का, ते विचारा. नाही म्हणाली तर रागावू नका. पोर रडेल तेव्हा तिच्याजवळ बसा, आणि दुसरा बूट तुम्ही धरा.