वरसे गावातल्या घराची किल्ली

मित्रांनो, मी एक जुनी पितळी किल्ली आहे. यंदाच्या आषाढापासून माझा मुक्काम सुभाषरावांच्या शर्टाच्या खिशात होता आणि माझ्या शेजारी एक पत्र होते. पेणहून त्यांच्या थोरल्या बहिणीने, शांतीताईने, ते पाठवले होते. "फोनवर तू नुसता हूं हूं करतोस, म्हणून लिहिते," अशी सुरुवात होती. ताईच्या घराखालच्या दोन भाड्याच्या खोल्या रिकाम्या झाल्या होत्या आणि मालक दसऱ्यापर्यंत थांबणार होता. शेवटी लिहिले होते, "घर विकायला काढ आणि इकडे ये. आता आपण दोघंच उरलोय रे. येतोस की नाही, एवढं कळव."

सुभाषराव ते पत्र रोज वाचत, उत्तराची पहिली ओळ मनात जुळवत आणि पुन्हा खिशात ठेवत. घर विकले जात नाही तोवर ताईला कळवायचे तरी काय, असे त्यांना वाटे.

माझ्यासारखीची गोष्ट कोणी ऐकेल का, याची मला खात्री नाही. तरी सांगते.

माझ्या जन्माचे फारसे आठवत नाही. कानशीचा खरखराट तेवढा ध्यानात राहिला आहे. रोह्याच्या बाजारातून मला सुभाषरावांनी आणले, तेव्हा ते तिथल्या वाचनालयात ग्रंथपाल होते आणि वरशातल्या या नव्या घराच्या तिन्ही बाजूंना भातशेती होती. पहिल्याच पावसाळ्यात दार फुगले. तेव्हापासून मला किंचित वर उचलून फिरवावे लागते. सुभाषरावांच्या पत्नी सोनीताई ते काम एका हाताने करीत, दुसऱ्या हातात भाजीची पिशवी असे. "गुणाची हाय गो," असे त्या मला म्हणत. त्या गेल्या आणि मी खिळ्यावर लटकून राहिले. सुभाषराव घराबाहेर पडेनासे झाले होते. माझ्या अंगावर हिरवे डाग चढले.

शांतीताईच्या पत्राने मला पुन्हा काम मिळाले. घर विकायचे तर एजंट हवा. सुभाषरावांची एक खोड अशी, की त्यांच्या तोंडून 'नाही' निघत नाही. शेजाऱ्यांचा भाचा प्रविण म्हणाला, मी विकून देतो. हे 'बरं' म्हणाले. स्टेशनाकडे ऑफिस थाटलेला आदर्श आला, त्यालाही 'बरं'. मग ओळखीतून नमिता आली, तिलाही 'बरं'. कुंपणावर तीन पाट्या लागल्या, तिन्हींवर वेगळी किंमत. लोक पाट्या वाचत, घरात काहीतरी गडबड आहे म्हणत आणि निघून जात.

मी तिघांच्याही हातांत गेले, म्हणून मला त्यांच्याबद्दल थोडे सांगता येईल. प्रविण मला बोटाभोवती गरगर फिरवी. आदर्श कुलपात जोर लावी. किंमत त्याने सगळ्यांत मोठी सांगितली होती. कपाटामागे पुराच्या पाण्याची रेघ आहे, तिच्यावर रंग मारून घेऊ, असेही तो म्हणाला. नमिताने मात्र मला हातात घेऊन आधी विचारले, "काका, हिची काय खोड हाय का?" मग पाणी कुठवर चढले होते ते वहीत लिहून घेतले. घराच्या कागदांवर सोनीताईंचे नाव अजून आहे, हे तिच्याच लक्षात आले. आधी वारसनोंद करायची, तीन-चार महिने जातील आणि किंमत आदर्शच्या आकड्याहून कमी येईल, असे तिने सरळ सांगितले. सुभाषरावांचा चेहरा पडला, पण त्या दिवशी त्यांना झोप चांगली लागली.

घटस्थापनेच्या दिवशी आदर्श गिऱ्हाईक दाखवायला मला घेऊन गेला आणि परत द्यायचे विसरला. त्याच्या टेबलावरच्या प्लास्टिकच्या वाडग्यात, दुसऱ्या घरांच्या किल्ल्यांमध्ये, मी पडून राहिले. सुभाषराव आता पुन्हा वाचनालयात वाचायला जाऊ लागले होते; त्या दुपारी परतले तर दार बंद. फोन करून माणसाला त्रास कसा द्यायचा, म्हणून ते पायरीवर पुस्तक उघडून बसले. कागद न्यायला आलेल्या नमिताला ते चार वाजता तसेच दिसले. हे सारे मला मागाहून कळले.

ती म्हणाली, "किल्ली मी आणीन काका. पण घर कोणाकडे द्यायचं तुमच्या मनात हाय, ते मी आदर्शला कसं सांगू? चला, मी दारात उभी राहते."

सुभाषराव आदर्शच्या ऑफिसात आले आणि सरळ टेबलापाशी गेले. "किल्ली न्यायला आलोय," ते म्हणाले. "आणि तुमची पाटी काढून घ्या. प्रविणलाही सांगणार आहे. घर मी एकट्या नमिताकडे देतोय."

आदर्श हसला. "एवढंच ना काका? फोन करायचा. पण ती पाण्याची रेघ सगळ्यांना दाखवत फिरणार, मग तुमचं घर घेणार कोण?"

"जो घेईल तो तिथे राहणार आहे," सुभाषराव म्हणाले. "त्याला ठाऊक असायला हवं."

आदर्शने वाडगा पुढे सरकवला. सुभाषरावांनी मला लगेच ओळखले.

मित्रांनो, पुढेमागे मी परक्या घरच्यांच्या हाती जाईन. त्याचे मला दुःख नाही. किल्लीने दार उघडावे, मग ते कोणासाठीही असो. एवढीच विनंती, की आपल्या घराची किल्ली कोणाला द्याल तर मोठ्या आकड्याला भुलून देऊ नका. तो घराची खोड विचारतो का, ते पाहा. आणि ज्याला द्यायची नसेल त्याला वेळेवर तसे सांगा. ते जमायला सुभाषरावांना सत्तर वर्षे लागली.

त्याच संध्याकाळी ते लिहायला बसले. तीन कागद फाडले. चौथ्यावर लिहिले, "ताई, घर अजून विकलेलं नाही. वेळ लागेल. पण ते आता चांगल्या माणसाच्या हाती आहे, त्यासाठी मला इथे अडकून राहायला नको. मालकाला सांग, पुढच्या महिन्यापासून भाडं मी देतो. मी येतोय."

सकाळी त्यांनी मला किंचित वर उचलून दार लावले आणि आम्ही पोस्टात गेलो. पेटीपाशी त्यांनी पत्ता तीनदा तपासला, पाकीट फटीत धरले आणि सोडले.